आधी बाईंना वाचू दे

हेवा नावाची गोष्ट आपल्याही अंगात आहे, हे चिटणीसबाईंना पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर त्यांची अशी समजूत होती की काहींना जसं गाता येत नाही, तसा आपल्याला हेवा करता येत नाही. बहिणीने मोठं घर घेतलं तेव्हा त्या आपलं शिवणयंत्र उचलून तिचे पडदे शिवायला गेल्या होत्या. जावेचा मुलगा परदेशी निघाला तेव्हा विमानतळावर जावेपेक्षा त्याच जास्त रडल्या. आपलं मन मोठं आहे असं त्या कधी बोलून दाखवत नसत, पण ते आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग एक दिवस पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी ऑफिसात आली, आणि महिन्याभरात त्या मोठ्या मनाचा पार चोळामोळा झाला.

चिटणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. संस्थेच्या चिटणीस म्हणून चिटणीसबाई, आणि घाईच्या वेळी नुसतं बाई. संस्था आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू उसन्या देते: पलंग, वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, हवा भरायच्या गाद्या. ज्यांनी ती काढली ते डॉक्टर इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. खाली त्यांचा जुना दवाखाना होता, तिथे आता ऑफिस आहे आणि मागच्या तपासणीच्या खोलीत सामानाची कोठी. पलंग तिथे भिंतीला टेकवून उभे केलेले असतात. पहिल्यांदा येणाऱ्याला ते उभे पलंग पाहून चमकायला होतं. दुसऱ्यांदा येणारा त्यांच्याकडे बघत नाही. फिनेल, रबर आणि मिस्त्रीच्या वेल्डिंगचा मिळून एक वास त्या जागेला आहे. बाईंच्या साड्यांनाही तो आहे, असं त्यांचे यजमान म्हणतात.

संस्थेचा एक नियम आहे, तो डॉक्टरांनी घातलेला. वस्तू परत करायला आलेल्या माणसाला कारण विचारायचं नाही. माणूस बरा झाला म्हणून पलंग परत येतो, नाहीतर माणूस राहिला नाही म्हणून येतो. दोन्ही वेळा पलंग सारखाच दिसतो. समोरच्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, पावती करायची. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. बाई या कामात इतक्या तरबेज झाल्या होत्या, की परत करायला कोणी आलं की त्यांचा चेहरा आपोआप अशा बेताचा होई, की त्यात आनंदालाही जागा असावी आणि दुःखालाही.

या नियमाने संस्था चांगली चालली. आणि याच नियमाने बाईंची एक मोठी फसगत झाली.

कोठीत दाराजवळ एक निळा पलंग होता. बाई कामावर आल्या त्या पहिल्याच दिवशी मिस्त्री म्हणाला होता, "हा आता कोणाला द्यायचा नाही हं. डॉक्टरांच्या बायकोचा आहे." वर डॉक्टर एकटे. बायको दिसत नव्हती. ऑफिसच्या भिंतीवर फोटोही नव्हता, आणि नसलेला फोटो बाईंना असलेल्या फोटोपेक्षा जास्त बोलका वाटला. काय समजायचं ते त्या समजल्या. विचारायचं तर नव्हतंच. तेव्हापासून एखादा म्हातारा नवरा बायकोचा पलंग परत करायला आला, की बाई त्याला स्वतः सामोऱ्या जात आणि डॉक्टरांना काही निमित्त काढून वरच थांबवत. त्यांच्यासमोर कोणी बायकोचा विषय काढला, की त्या अलगद तो दुसरीकडे वळवत. दुपारी चारला डॉक्टर खाली चहाला येत. दोघं खिडकीपाशी बसत, फारसं बोलत नसत. बाईंना ते न बोलणं फार मोलाचं वाटे. वीसेक वर्षांत आपण दोघांनी मिळून ते हळूहळू जमवलं आहे, आणि ते आपलं दोघांचंच आहे, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

वेबसाइटची गरज होतीच. फोन एक, उचलणारी एक, आणि विचारणारे शहरभर. संस्थेच्या नावाचं एक पान इंटरनेटवर होतं म्हणा. ते बाईंच्या भाच्याने कॉलेजात असताना हौसेने करून दिलेलं. त्यावर चाकाच्या खुर्चीचं एक चित्र होतं, भोवती गुलाबाची फुलं होती, आणि फोन नंबर चुकीचा होता. त्या नंबरवरच्या बिचाऱ्या गृहस्थांनी शेवटी स्वतः येऊन विनंती केली होती.

मग डॉक्टर, खजिनदार आणि बाई अशा तिघांनी वेब डिझायनर निवडायचं ठरवलं. पहिले आले ते एका कंपनीचे दोघेजण. टाय लावलेले. त्यातल्या मोठ्याने डॉक्टरांना विचारलं, "सर, तुमचं व्हिजन काय आहे?"

"मोतीबिंदू काढल्यापासून बरं आहे," डॉक्टर म्हणाले.

दुसरी आली ती ही मुलगी. चुकीच्या फाटकातून शिरून, कुठल्या तरी शिकवणीच्या वर्गात डोकावून, घामाघूम होऊन आली. आधी पाणी मागितलं. मग तिने एकच प्रश्न विचारला, "इथे फोन कोण उचलतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"मग मला काही दिवस तुमच्याशेजारी बसू द्याल का? लोक फोनवर काय विचारतात ते ऐकलं, की साइटवर काय हवं ते मला कळेल."

ती गेल्यावर खजिनदार म्हणाले, "वयाने फारच लहान वाटते."

"वय काय करायचंय? तिने पहिलं नाव फोनचं घेतलं," बाई म्हणाल्या. "हिलाच घ्या."

म्हणजे हे दुखणं बाईंनी स्वतःच्या हातांनी घरात आणलं होतं.

पहिले काही दिवस छान गेले. मुलगी बाईंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसे. मिस्त्रीने तिचं नाव वेबवाली ठेवलं. "वेबवाली, माझाही फोटो टाक," तो म्हणे. "लोकांना कळू दे, पलंग कोण सरळ करतं ते." तिने फोटो काढला. मिस्त्री केस ओले करून, विंचरून उभा राहिला होता.

एकदा तिने वस्तू परत करायचा फॉर्म काढून दाखवला. त्यात 'परत करण्याचे कारण' असा रकाना होता. बाईंच्या अंगात एकदम बळ आलं. त्यांनी चष्मा काढला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडे विचारत नाहीत." पुढे का, कशासाठी, कधीपासून हे सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं.

"बरं," मुलगी म्हणाली आणि रकाना काढून टाकला.

बाईंची भांडायची सगळी तयारी वाया गेली. ही पोरगी नीट भांडतसुद्धा नाही, हे त्यांना फार लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी टोचलं, पण ते काय हे त्यांना उमगलं नाही.

उमगलं ते पुढच्या आठवड्यात. संस्थेची माहिती विचारायला म्हणून मुलगी वर डॉक्टरांकडे जाऊ लागली. आधी वही घेऊन गेली, मग नुसतीच जाऊ लागली. एका दुपारी चार वाजून गेले, तरी डॉक्टर खाली आले नाहीत. चहा गार व्हायला लागला तसा बाईंनी जिन्यापाशी जाऊन कानोसा घेतला. वरून एक आवाज येत होता. डॉक्टरांना खोकला झाला असावा असं त्यांना वाटलं. मग लक्षात आलं, डॉक्टर हसत होते.

थोड्या वेळाने दोघं खाली आली. "आजोबा, सांभाळून, पायरी तुटलीय," मुलगी म्हणाली.

आजोबा. जगात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. महापौर आले होते तेही डॉक्टर म्हणाले होते. आणि डॉक्टरांनी पायरीकडे बघितलं, जणू ती पायरी कालपरवा तुटली होती. वास्तविक बाई ती दुरुस्त करून घ्या म्हणून कितीदा सांगून थकल्या होत्या.

"डॉक्टरांनी आज इस्त्रीचा शर्ट घातलाय," मिस्त्री म्हणाला. "कोणी देणगीदार येणार आहेत का?"

"तुम्ही तुमची चाकं बघा," बाई म्हणाल्या.

घरी यजमानांच्या ते लगेच लक्षात आलं. आयुष्यभर नकाशे काढण्याचं काम केलेला माणूस. बायकोच्या कपाळावरची रेघ जराशी सरकली तरी त्यांना दिसे. जेवताना ते म्हणाले, "काय म्हणते तुझी सवत?"

"काहीतरीच बोलू नका."

"मी कुठे बोललो? तूच आल्यापासून बोलतेयस. ती असं म्हणाली, ती तसं बसली, तिने केस कापले. एवढं तू माझ्या आईबद्दलही कधी बोलली नाहीस."

"तिला रीतभात नाही. म्हाताऱ्या माणसाचा वेळ खाते."

"म्हाताऱ्या माणसाकडे दुसरं असतं काय खायला देण्यासारखं?" यजमान म्हणाले आणि ताक मागितलं. बाईंनी ते जरा जोरातच पुढे ठेवलं.

मग तो शुक्रवार आला. साइट तयार झाली होती, सगळ्यांनी एकदा वाचून बघायची होती. डॉक्टर वर झोपले होते. मुलीने लॅपटॉप बाईंच्या समोर वळवला आणि स्वतः उठून खिडकीपाशी गेली. मिस्त्री हात पुसत पाठीमागे येऊन उभा राहिला.

पहिलं पान झालं. वस्तूंचं पान झालं. त्यात वॉकर कसा धरायचा याची चित्रं होती, चांगली होती. मग 'आमची सुरुवात' असं पान उघडलं. बाईंना ते वाचायची खरं तर गरज नव्हती. संस्थेच्या प्रत्येक अहवालात 'समाजाची गरज ओळखून' असं सुरू होणारा मजकूर असे आणि तो त्यांनीच लिहिलेला होता. पण इथे वेगळंच होतं.

'संस्थेचा पहिला पलंग डॉक्टरांनी आपल्या पत्नीसाठी आणला होता. पाठीच्या आजाराने त्या वर्षभर त्यावर होत्या. मग त्या बऱ्या झाल्या. आज त्या दुसऱ्या शहरात राहतात आणि रोज सकाळी फिरायला जातात. रिकामा पलंग घरात ठेवून काय करायचं, या प्रश्नातून ही संस्था सुरू झाली.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. मग बोटाने वर सरकवून पुन्हा वाचलं.

"झकास," मागून मिस्त्री म्हणाला. "माझा फोटो मात्र जरा मोठा हवा होता."

"बाई, काही बदलायचंय?" मुलीने विचारलं.

"इथे 'संस्था' हा शब्द दोनदा आलाय," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

घरी चालत जाताना त्यांना सगळं आठवत गेलं. डॉक्टरांभोवती त्या किती वर्षं पाय न वाजवता वावरल्या होत्या. दुसऱ्यांच्या बायकांची मरणं परस्पर स्वतःकडे घेतली होती. आणि डॉक्टरांची बायको जिवंत होती. चालायला जात होती, सकाळी, बहुतेक पांढरे बूट घालून. बूट पांढरेच असणार, असं का कोण जाणे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पण खरं सांगायचं तर त्याचंही तेवढं काही नव्हतं. माणूस जिवंत निघाला याचं कोणी वाईट वाटून घेतं का? काळजात रुतलं ते दुसरंच. हे वेबवालीला ठाऊक होतं. स्टुलावर बसून पंधरा दिवस न झालेल्या मुलीला डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, सकाळच्या फिरण्यासकट. आणि बाईंना ते इतर सगळ्या जगासारखंच साइटवर वाचून कळलं होतं.

आता साइट सुरू करायची तर जुन्या पानाचा पत्ता नव्या साइटला जोडावा लागणार होता. तो पत्ता भाच्याने त्या काळी बाईंच्या नावावर घेतला होता, त्यांचा मोबाइल नंबर देऊन. त्यामुळे पत्ता बदलताना खात्री करायला जो कोड येणार, तो बाईंच्याच फोनवर.

शनिवारी मुलीने बटण दाबलं. "बाई, सहा आकड्यांचा कोड येईल. तेवढा सांगा."

फोन थरथरला. बाईंनी तो उचलला, आकडे वाचले, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"नाही आला," त्या म्हणाल्या.

खोटं इतकं सोपं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. सोललेल्या शेंगेतून दाणा पडावा तसं ते तोंडातून बाहेर पडलं.

"नेटवर्क नसेल," मुलगी म्हणाली. "पुन्हा पाठवते." पुन्हा फोन थरथरला. पुन्हा बाईंनी बघितलं. "अंहं."

सोमवारीही आला नाही. मंगळवारीही नाही. खजिनदारांनी फोन केला की चाकाच्या खुर्च्या देणारी कंपनी साइट बघायला मागतेय, तर बाई म्हणाल्या, "कोडच येत नाही हो, आता त्याला मी काय करू?" मिस्त्रीने फोन खिडकीबाहेर धरून बघायला सुचवलं. बाईंनी तोही खेळ केला. रस्त्याकडे हात लांब करून दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आणि हातातल्या फोनवर कोड आलेला त्यांना दिसत होता. त्यांना लाज वाटत होती. पण लाजेच्या खाली, अगदी तळाशी, एक गोड असं काहीतरी होतं. जोवर त्या सांगत नव्हत्या तोवर ते पान कोणाचं नव्हतं. ती बाई कुठल्याही शहरात फिरायला जात नव्हती. सगळं अजून आधीसारखं होतं.

बुधवारी मिस्त्री एका घरी पलंग जोडायला गेला होता. ऑफिसात दोघीच होत्या. मुलीने लॅपटॉप मिटला.

"बाई, एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"मी इथे बटण दाबलं की तुमचा फोन टेबलावर गुरगुरतो. टेबल लोखंडी आहे ना. पलीकडे पेनाचा डबासुद्धा हलतो."

बाईंनी डब्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. उठून कुठे जावं असं त्यांना वाटलं, पण जायला कोठीखेरीज दुसरी जागा नव्हती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"शनिवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला साइटमधलं काहीतरी आवडलेलं नाही आणि मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सांगत नाही आहात. वाट बघत होते."

म्हणजे हिने आपल्याला चार दिवस माफ करून ठेवलं होतं. बाईंना त्या क्षणी ती जितकी नकोशी झाली तितकी आधी कधीच झाली नव्हती. ती वाईट असती तर किती बरं झालं असतं.

"ते 'आमची सुरुवात'," शेवटी बाई म्हणाल्या. "त्यातलं डॉक्टरांच्या घरचं काढून टाक. असं चारचौघांत टाकायचं नसतं."

"मी पण हेच म्हटलं होतं त्यांना. मी लिहिलंच नव्हतं ते. त्यांनीच घालायला लावलं."

"त्यांनी?"

"हो. मी फक्त विचारलं होतं, आजी आता कुठे असतात म्हणून. मला काय माहीत, हेही इथे विचारत नाहीत." तिने सॅकची चेन उघडली, पुन्हा लावली. "दोन-तीन दिवसांनी त्यांनीच बोलावून ती वाक्यं सांगितली आणि म्हणाले, हे लोकांत जाण्यापूर्वी आधी बाईंना वाचू दे. म्हणून तर त्या दिवशी मी लॅपटॉप देऊन उठून गेले ना खिडकीपाशी."

बाईंनी पेनाचा डबा सरळ करून ठेवला. मग म्हणाल्या, "आज तू लवकर घरी जा."

चारला त्यांनी स्वतः चहा केला, दोनच कप, आणि तुटकी पायरी चुकवून वर नेला. डॉक्टर खिडकीशी पेपर वाचत होते. बाई कधी वर येत नसत, त्यामुळे कोणाला तरी अपघात झाला असं डॉक्टरांना आधी वाटलं.

"काय झालं? मिस्त्री पडला का?"

"कोणी पडलं नाही." बाईंनी कप ठेवला. "मी वाचलं ते."

डॉक्टरांनी पेपराची घडी घातली. मग ती घडी पुन्हा नीट घातली.

"मला वाटलंच होतं तुम्ही रागवाल."

"इतकी वर्षं मी तुमच्यासमोर बायको हा शब्द उच्चारला नाही."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर सांगायचं होतं."

"पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं, तुम्ही काय समजून बसलात ते. आज सांगू, उद्या सांगू असं म्हणत राहिलो. आणि मग, बाई, मला ते आवडायला लागलं. कोणी आपल्यासाठी आवाज खाली करतं, हे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही ती काळजी परत घेऊन गेला असता." ते ओशाळून हसले. "शिवाय तुम्ही कधी विचारलंही नाहीत."

"तुम्हीच सांगितलं होतंत, विचारायचं नाही म्हणून."

"ते पलंगांबद्दल होतं."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी आपला चहा घेतला. खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, आणि दुसरं कोणीतरी त्याला 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होतं.

"तिला आधी सांगितलंत," त्या म्हणाल्या.

"हो."

नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, असं बाईंना वाटलं. एवढं एक खोटं त्यांनी चालवून घेतलं असतं.

"ती जाणारी मुलगी आहे," डॉक्टर म्हणाले. "काम झालं की जाईल. तिच्या तोंडाकडे मला उद्या, परवा, दहा वर्षांनी बघायचं नाही. तुमच्यापुढे रोज चारला बसायचं असतं. म्हणून तुम्हाला सांगणं अवघड होतं."

हे ऐकून बाईंना बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण हेवा शहाण्यासारखं बोललेलं ऐकत नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि मग जे म्हणाल्या ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं.

"तिला सांगितलं नाहीत असं काही आहे का?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. बाईंचे कान तापले, पण त्यांनी नजर वळवली नाही.

"आहे एक," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. त्यांचं आणि बायकोचं आधीपासून जमत नव्हतं. ती अंथरुणाला खिळली त्या वर्षात मात्र जमलं. तिला उठवायचं, बसवायचं, तिचे केस विंचरायचे, यात दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळू लागलं. मग ती बरी व्हायला लागली. वॉकर धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायला लागली. डॉक्टर म्हणून त्यांना आनंद झाला. पण ही चालायला लागली की जाणार, हे नवरा म्हणून त्यांना दिसत होतं.

"एक दिवस मी तिच्या वॉकरच्या एका पायाचं रबर काढून ठेवलं," डॉक्टर म्हणाले. "खिशात घातलं. तो पाय घसरायला लागला. ती घाबरून दोन पावलं टाकून परत यायची, पलंगावर बसायची. मी म्हणायचो, घाई नको."

बाईंनी आपला रिकामा कप हातात फिरवला.

"थोड्या दिवसांनी माझं मलाच सहन होईना. परत बसवलं. तिला कळलं होतं, बाई. रबर असलेला पाय आवाज करत नाही, नसलेला करतो. तिने एकदा वॉकर आपटून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि चालायला लागली. त्यावर एक शब्द बोलली नाही. जाईपर्यंत बोलली नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. तो निवला होता. "आज इथून वॉकर जातो तेव्हा मी चारही पाय दाबून बघतो. मिस्त्रीला वाटतं, माझा त्याच्यावर विश्वास नाही."

बराच वेळ दोघं बसून राहिली. पण हे न बोलणं जुन्यासारखं नव्हतं. आधीच्या गप्प बसण्यात बाईंना ऊब वाटे. यात अवघडलेपण होतं, खुर्ची टोचत होती, आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं. आपणही या आठवड्यात काय केलं ते सांगून टाकावं, असं बाईंच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते तिथेच ठेवलं. कप उचलले.

"त्या पायरीचं उद्या करून घेते," त्या म्हणाल्या.

घरी यजमान म्हणाले, "आज काय म्हणते सवत?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. यजमानांनी त्यांच्या कपाळाकडे नीट बघितलं आणि पुढे विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी मुलगी आली, तर बाईंनी तिचं स्टूल आधीच पुसून ठेवलं होतं. "दाब तुझं बटण," त्या म्हणाल्या.

टेबल गुरगुरलं. पेनाचा डबा हलला. दोघींनी डब्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. बाईंनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचला, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. मुलीने तो भरला. मग थोडा वेळ एक गोल नुसता फिरत राहिला, आणि गुलाबांची फुलं जाऊन त्या जागी संस्थेचं नवं पान आलं.

मिस्त्रीने आपला फोटो शोधला. खजिनदारांना कळवलं. बाईंनी स्वतःच्या फोनवर 'आमची सुरुवात' उघडून पुन्हा वाचलं. तेच शब्द होते. आता ते त्यांना तुटपुंजे वाटले.

"बाई, तुम्ही शेवटचं बघून सांगा," मुलगी म्हणाली. "आजोबांच्या पानावर काही राहिलंय का? काही आठवत असेल तर आत्ता घालता येईल."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मुलीचा चेहरा समोर होता, स्वच्छ, उत्सुक, लिहून घ्यायला तयार.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळं आलंय."

"मग त्यांना सांगून येते," असं म्हणून मुलगी जिना चढून वर धावत गेली. थोड्या वेळाने वरून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज आला. बाईंना टोचलं, नेहमीच्याच जागी. पण त्या जिन्यापाशी गेल्या नाहीत. फोन वाजत होता, तो त्यांनी घेतला, नाव-पत्ता विचारला. नव्या साइटवरून आलेला हा पहिला फोन, वॉकर हवा होता. वर अजून हसणं चालू होतं. हसू दे, त्या मनात म्हणाल्या. हसण्यापुरतंच ठाऊक आहे तिला.